शेंडा खुडावा, कुंपण भरावे

घराभोवती विटांची भिंत उभारण्याऐवजी हिरवे, जिवंत कुंपण असावे अशी हौस पुष्कळांना असते. पहिल्या पावसात रोपे लावली जातात, ती तरारतात, दिवाळीपर्यंत कमरेला लागतात आणि घरधनी मोठ्या समाधानाने ती पाहुण्यांना दाखवू लागतो. तीन वर्षांनी तेच कुंपण पाहावे, तर वर छातीच्या उंचीवर पानांचा दाट पट्टा आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या! त्या काटक्यांमधून मोकाट कुत्री, शेळ्या आणि रस्त्यावरून उडत येणाऱ्या पिशव्या, सर्वांनाच मुक्तद्वार असते.

प्रस्तुत लेखकाचे कुंपण असेच झाले होते. इंदूरच्या घरापुढे कडू मेंदीची चाळीस फुटांची रांग लावली, तेव्हा रोपे घेऊन आलेला वृद्ध माळी म्हणाला होता, "साहब, पहले साल काट लो, बाद में ये सुनेगी नहीं।" रोपे नुकती कोठे हातभर झाली होती. ती जमिनीपासून वीतभर ठेवून कापायची, हे ऐकूनच मनाला पटेना. रोज सकाळी पाणी घालून वाढविलेल्या रोपांवर आपणच कात्री कशी चालवावी? माळ्याचा सल्ला हसून टाळला. पुढे तिसऱ्या वर्षी एका सायंकाळी घरातला दोन वर्षांचा नातू त्या काटक्यांमधील फटीतून सरळ रस्त्यावर गेला. रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशी त्याच माळ्याला बोलावले आणि तीन वर्षांचे कुंपण पुन्हा वीतभर उंचीवर आणले. जे पहिल्या पावसाळ्यात पाच मिनिटांत झाले असते, त्याला तीन वर्षे आणि एक भयंकर क्षण खर्ची पडला.

माळ्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ते का, आणि आपण त्याप्रमाणे नेमके काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कुंपणाचे मोल पायथ्याशी

कुंपणाची उंची डोळ्यांत भरते, परंतु त्याचे काम पायथ्याशी चालते. आत शिरू पाहणारा प्राणी किंवा बाहेर पडू पाहणारे मूल वरून उडी मारीत नाही, ते खालची फट शोधते. याचे एक अवाढव्य ऐतिहासिक उदाहरण आपल्या माळव्यापासून फार दूर नव्हते. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक सलग सीमारेषा आखली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. या रेषेच्या मोठ्या भागावर, पंजाबपासून थेट बुऱ्हाणपूरपर्यंत, काटेरी कुंपण उभे केलेले होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले गेले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे आयुक्त होते.

आरंभी हे कुंपण वाळलेल्या काट्यांचे होते. ह्यूम यांच्या हिशेबाप्रमाणे अशा एका मैलाला सुमारे २५० टन काटेकुटे लागत आणि ते दुरून वाहून आणावे लागत. वाळवी, आग आणि वादळ यांच्यामुळे ते पुनःपुन्हा नष्ट होई. म्हणून त्यांनी बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर यांचे जिवंत कुंपण वाढविण्यावर भर दिला. ते उत्तम स्थितीत असे तेथे दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड असे, आणि ते वाढेल तसे सोडलेले नसून नियमाने छाटलेले असे. १८७९ मध्ये ही सीमारेषा रद्द झाली आणि कुंपण काळाच्या उदरात गडप झाले. तो कर अन्यायाचा होता यात शंका नाही. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की ज्यांना मिठाची पिशवी घेऊन रांगत जाणारा माणूस अडवायचा होता, त्यांनाही कात्रीवाचून गत्यंतर नव्हते.

शेंड्याची सत्ता

कात्रीने दाटी वाढते हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडणारी आजी तुळस डेरेदार ठेवीत असे. शेवंतीच्या रोपाचा शेंडा खुडल्याशिवाय तिला भरगच्च फुले येत नाहीत, हे बागेची आवड असणारा प्रत्येक जण जाणतो. माळव्यातील शेतकरी हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतो. त्याला भाजी मिळते आणि हरभऱ्याला फांद्या फुटतात. कुंपणाची छाटणी म्हणजे हेच कृत्य, फक्त अधिक शिस्तीने आणि अनेकदा केलेले.

यामागील यंत्रणा अशी. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक वाढता डोळा असतो, त्याला अग्रकलिका म्हणतात. त्याखेरीज प्रत्येक पानाच्या बगलेतही एक इवलासा डोळा असतो, ती कक्षकलिका. तिच्यात संपूर्ण नवी फांदी निर्माण करण्याची क्षमता असते. परंतु जोवर वरचा शेंडा शाबूत आहे तोवर खालचे बहुतेक डोळे निद्रिस्त राहतात. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. रानात शेजारच्या झाडांना मागे टाकून उन्हापर्यंत पोहोचणे हे पहिले कर्तव्य, फांद्या नंतर. शिवाय एखाद्या जनावराने शेंडा खाल्लाच, तर खालचे डोळे राखीव फौजेसारखे तयार असतात. वनस्पतिशास्त्रात शेंड्याच्या या सत्तेला अग्रप्रभुत्व असे नाव आहे.

ही सत्ता कशी चालते, याचा शोध वैद्यकीय व्यवसायातील वाचकांना विशेष रंजक वाटेल, कारण ती हॉर्मोनांची कथा आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोवळ्या अंकुरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रकाशाची जाणीव टोकाला होते, पण वाकण्याची क्रिया खाली घडते, अर्थात टोकाकडून खाली काही तरी संदेश जात असला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. हॉलंडमधील उट्रेक्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी १९२६ च्या सुमारास ओटच्या अंकुराच्या टोकातून हे द्रव्य अगारच्या तुकड्यात उतरवून दाखविले. त्यालाच पुढे ऑक्सिन हे नाव मिळाले.

आता गंमत पाहा. वनस्पतींचे हे प्रमुख ऑक्सिन, म्हणजे इंडोल ॲसिटिक ॲसिड, १९३४ मध्ये त्याच उट्रेक्टमध्ये वेगळे करण्यात आले ते मानवी मूत्रातून! कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वनस्पतीच्या अंकुरांत ते इतक्या अल्प प्रमाणात मिळे की पुरेसा साठा करण्यासाठी त्यांनी मूत्राचा आधार घेतला. ट्रिप्टोफॅनपासून तयार होणारे हे द्रव्य आपल्याही शरीरातून बाहेर पडत असते. कार्सिनॉइडच्या निदानासाठी आपण मूत्रात ज्या फाइव्ह हायड्रॉक्सी इंडोल ॲसिटिक ॲसिडची मोजणी करतो, ते याचेच जवळचे नातलग होय.

त्याच सुमारास थिमन आणि स्कूग यांनी बाकला या शेंगवर्गीय रोपावर निर्णायक प्रयोग केला. शेंडा कापला की बगलेतील डोळे फुटू लागत. परंतु कापलेल्या जागी ऑक्सिन लावले, तर शेंडा नसूनही डोळे झोपलेलेच राहत. शेंड्याचा धाक म्हणजे ऑक्सिनचा धाक, हे यावरून स्पष्ट झाले.

डॉक्टरांना याचे साम्य सहज आठवेल. पिट्युटरी ग्रंथीतील प्रोलॅक्टिनवर मेंदूकडून येणाऱ्या डोपामिनचा सततचा लगाम असतो. ग्रंथीचा देठ तुटला की इतर स्राव घटतात, पण प्रोलॅक्टिन मात्र वाढते, कारण लगाम सुटला. कात्रीही झाडाला नवे असे काहीच देत नाही. ती फक्त लगाम सोडविते.

धाकामागचे मध्यस्थ

तथापि कथा येथे संपत नाही. पुढील संशोधनात एक कोडे उभे राहिले. शेंड्यातून निघालेले ऑक्सिन खोडातून खाली वाहत जाते, पण ते बगलेतील डोळ्यात शिरत नाही. मग ते त्याला दाबून कसे ठेवते? उत्तर असे की ते मध्यस्थांकरवी काम करते. डोळ्याला जागविणारे सायटोकायनिन नावाचे हॉर्मोन आहे, त्याची निर्मिती ऑक्सिन कमी करते. आणि डोळ्याला झोपविणारे दुसरे एक द्रव्य आहे, त्याची निर्मिती ऑक्सिन वाढविते.

या दुसऱ्या द्रव्याचे मूळ आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याच्या शत्रूशी जोडलेले आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हा परोपजीवी तण अनेकांनी पाहिला असेल. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्याची चाहूल लागली की रुजते. असे एक द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले, आणि टारफुल्याच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरून या गटाला स्ट्रायगोलॅक्टोन हे नाव मिळाले. झाड आपल्याच शत्रूला जागविणारे द्रव्य का बनविते, हा प्रश्न मग साहजिकच होता. एक उत्तर असे मिळाले की मुळांशी सहजीवन करणाऱ्या उपकारक बुरशीला ते निमंत्रण असते. दुसरे उत्तर २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दिले. हेच द्रव्य झाडाच्या आत फांद्या फुटण्याला आवर घालणारे हॉर्मोन आहे.

आणखी एक पैलू २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्याच्या रोपावर दाखविला. ऑक्सिन खोडातून तासाला सुमारे एक सेंटीमीटर इतक्या मंद गतीने सरकते. उंच रोपाचा शेंडा कापल्यावर खालच्या भागातील ऑक्सिन घटण्यास पुष्कळ तास लागायला हवेत. प्रत्यक्षात खालचे डोळे त्याआधीच हलू लागतात. याचे कारण साखर. वाढता शेंडा पानांनी बनविलेल्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक असतो. तो नाहीसा झाला की ती साखर तत्काळ खालच्या डोळ्यांकडे वळते आणि तीच त्यांना जागे होण्याचा पहिला इशारा देते. म्हणजे अन्न प्रथम पोहोचते आणि हॉर्मोनांचा समतोल त्यानंतर बदलतो.

या साखरेच्या मुद्द्यात व्यवहाराचा एक नियम दडलेला आहे. छाटणीनंतरचे फुटवे शिल्लक राहिलेली पाने आणि मुळांतील साठा यांवर पोसले जातात. ज्या रोपाला पाणी नाही, मुळे धरलेली नाहीत, जे आजारी आहे, त्याचा शेंडा खुडून दाटी येत नाही. ते केवळ आणखी अशक्त होते. कात्री ही सशक्त रोपासाठी आहे.

उंचीचा मोह का नडतो

मग तीन वर्षे वाढू देऊन नंतर वरून छाटले तर काय बिघडते? बिघडते ते असे की शेंडा कापल्यावर जागे होतात ते मुख्यतः कापलेल्या जागेच्या लगतचे डोळे. चार फुटांवर कापले तर दाटी साडेतीन-चार फुटांवर येते. ती दाटी छत्रीसारखी पसरते आणि खालच्या भागावर सावली धरते. हिरवी पाने सूर्यप्रकाशातील लाल भाग शोषून घेतात आणि त्यापलीकडचा अतिलाल भाग खाली जाऊ देतात. झाडाला हा फरक ओळखता येतो. लाल भाग घटलेला प्रकाश म्हणजे सावली, आणि सावलीत डोळे फोडण्यात अर्थ नाही, असा त्याचा हिशेब असतो. हळूहळू खालची पाने गळतात, डोळे कायमचे मागे पडतात आणि पायथा उघडा होतो. एकदा तो उघडा झाला की वर कितीही छाटा, खाली पालवी येत नाही. म्हणून दाटी जमिनीपासून सुरू करून वर चढवीत न्यावी लागते.

गणिताने पाहू. एका रोपाची एकच उभी काठी आहे. ती कापली आणि तीन फुटवे आले. ते वाढल्यावर तिन्ही कापले तर नऊ, पुढे सत्तावीस आणि चौथ्या छाटणीनंतर एक्याऐंशी. प्रत्यक्षात काही फुटवे मरतात, काही दुबळे राहतात, त्यामुळे हिशेब इतका नेटका उतरत नाही. तरीही चार वेळा कापलेले रोप आणि एकदाही न कापलेले रोप यांतील अंतर यावरून ध्यानात यावे.

इंदूरच्या हवेत वेळापत्रक

रोपे जूनअखेर किंवा जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून चरात पाणी साचणार नाही याची काळजी घ्यावी. दाट कुंपणासाठी दोन ओळी घ्याव्यात. ओळींत आणि रोपांत सुमारे एक फूट अंतर ठेवावे आणि दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध येईल अशी मांडणी करावी.

लावल्या दिवशी कापू नये. मुळे मातीत रुजली की शेंड्याला ताजी पालवी दिसू लागते, त्यास साधारण महिनाभर लागतो. ती दिसली की, म्हणजे ऑगस्टच्या मध्यास, पहिली छाटणी करावी. जमिनीपासून सहा इंच, अर्थात वीतभरापेक्षा किंचित कमी, उंची ठेवून वरचा भाग निर्दयपणे कापावा. खाली तीन-चार पानांच्या जोड्या शिल्लक असाव्यात. सर्वांत जड जाणारी छाटणी हीच, आणि सर्वांत मोलाचीही हीच.

नवे फुटवे सात-आठ इंच वाढले की त्यांची निम्मी लांबी कापावी. म्हणजे प्रत्येक वेळी कुंपण मागील छाटणीच्या रेषेपेक्षा सुमारे चार इंच वर सरकते. बाजूंना निघालेल्या फांद्यांचेही शेंडे खुडावेत, नाहीतर त्या लांबट आणि विरळ होतात. पावसाळ्यात कडू मेंदीसारखे झुडूप झपाट्याने वाढते, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अशा आणखी दोन छाटण्या होतात. त्यानंतर थंडीत कात्री बाजूला ठेवावी. वाढ मंदावलेली असते आणि माळव्यातील कडक थंडीच्या रात्री कोवळ्या पालवीला सोसत नाहीत. फेब्रुवारीअखेर वसंताची पालवी सुरू झाली की एप्रिलच्या आरंभापर्यंत दोन छाटण्या घ्याव्यात. मे महिन्यात खोल छाटणी करू नये. आतापर्यंत सावलीत असलेल्या फांद्या एकाएकी प्रखर उन्हात उघड्या पडून करपतात आणि पाण्याचीही ओढ असते. पुढील पावसाळ्यात पुन्हा चार छाटण्या.

हिशेब केला तर पहिल्या दिवाळीला कुंपण सुमारे सव्वा फूट आणि दुसऱ्या दिवाळीला सुमारे तीन फूट होते. शेजाऱ्याचे न छापलेले, म्हणजे कात्री न लागलेले कुंपण तोवर पाच फुटांवर गेलेले असेल. त्याकडे पाहून मन हरभऱ्याच्या झाडावर चढू देऊ नये. आपल्या तीन फुटांतून मांजरसुद्धा पलीकडे जाणार नाही. तिसऱ्या पावसाळ्यात चार फुटांची उंची सहज गाठता येते. त्यानंतर ठरलेल्या आकारात राखण्यापुरती छाटणी पुरते, आणि त्या वेळी एकदम एकतृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत.

कात्री कशी चालवावी

पहिल्या वर्षी कुंपणाची लांब पात्यांची कात्री वापरू नये. ती पाने अर्धवट चिरते आणि कोठे कापले हे दिसत नाही. हातात मावणारे धारदार सिकेटर घ्यावे. काप डोळ्याच्या किंचित वर, पाव इंचावर असावा. फार वर कापले तर उरलेला खुंट वाळतो, अगदी चिकटून कापले तर डोळाच दुखावतो. कडू मेंदी, मेंदी, डुरांटा, करवंद, अडुळसा यांची पाने समोरासमोर असतात. त्यांना पानांच्या जोडीच्या वर सरळ काप दिला की दोन्ही बाजूंना फुटवे येतात. कुंती आणि जास्वंद यांची पाने एकाआड एक असतात. तेथे बाहेरच्या दिशेला पाहणारा डोळा निवडून त्याच्या वर किंचित तिरपा काप द्यावा. रोगट फांदी कापल्यावर पाती स्पिरिटने पुसावीत, हे डॉक्टरांना सांगावयास नको. एका रुग्णाची सुई दुसऱ्याला न वापरण्याचा नियम झाडांनाही लागू आहे.

आकार देताना पायथा रुंद आणि माथा अरुंद ठेवावा. चार फूट उंच कुंपण तळाशी अडीच फूट असेल तर वर दीड फूट असावे. भिंतीसारख्या सरळ बाजूसुद्धा कालांतराने खालून विरळ होतात, आणि वर रुंद, खाली अरुंद आकार तर पायथ्याला उपाशी मारतो. पाने उन्हाचे अन्न खातात, तेव्हा पंगतीत शेवटी बसणाऱ्या खालच्या पानांपर्यंत ऊन पोहोचेल अशीच बैठक असावी.

कापण्यापूर्वी आत डोकावून पाहावे. शिंपी आणि बुलबुल यांना असे दाट झुडूप घरट्यासाठी फार आवडते. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर तेवढा भाग तीन-चार आठवडे सोडून द्यावा. कुंपणाचे त्याने काही बिघडत नाही.

झाडाची निवड आणि डॉक्टरी सावधगिरी

वरील पद्धत सर्वच झाडांना लागू पडत नाही. मोरपंखी हा महत्त्वाचा अपवाद होय. तिच्या जुन्या, पाने नसलेल्या तपकिरी लाकडातून नवी पालवी सहसा फुटत नाही. तिचे हिरवे शेंडेच हलक्या हाताने कापावेत. करवंद वारंवार छाटले तर उत्तम काटेरी कुंपण होते, पण मग फळांची अपेक्षा कमी ठेवावी. कडू मेंदी, जिला महाराष्ट्रात कोयनेल म्हणतात, नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी. ती फांदीच्या तुकड्यापासून होते, कात्री आनंदाने सोसते आणि कडवटपणामुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत.

दवाखाना, शाळा किंवा लहान मुले असलेले घर यांच्याभोवती काही झाडे टाळलेली बरी. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात, आणि त्यांच्या विषबाधेचे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. डुरांटाची पिवळी मणीदार फळे मुलांना मोहात पाडतात, आणि तीही विषारी आहेत. नियमित छाटणीने फुले-फळे फारशी येत नाहीत, हा डुरांटाच्या बाबतीत कात्रीचा आणखी एक लाभ. शेर आणि थोर यांचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. अशी झाडे छाटताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि चीक उडालाच तर प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन मग नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आपण स्वतः छाटत नसलो तरी माळ्याला ही साधने देणे आपले कर्तव्य आहे.

वेळ टळली असेल तर

ज्यांचे कुंपण आधीच खालून उघडे पडले आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कडू मेंदी, मेंदी, डुरांटा, जास्वंद ही झुडपे जुन्या खोडातूनही फुटतात. पावसाच्या तोंडावर ती जमिनीपासून सहा इंच ते एक फूट ठेवून कापावीत, चांगले खत व पाणी द्यावे आणि नव्या फुटव्यांना जणू ती पहिल्या वर्षाची रोपे आहेत असे वागवावे. आडोसा एकदम नाहीसा होऊ नये असे वाटत असेल तर दोन ओळींपैकी एक ओळ या वर्षी आणि दुसरी पुढील वर्षी कापावी. लेखकाचे कुंपण असेच परत उभे राहिले. मधल्या काळात नातवासाठी आतून बांबूच्या कामट्यांचा आडोसा बांधावा लागला, हे मात्र सांगितले पाहिजे. जिवंत कुंपण दाट होईपर्यंत मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्याच्यावर विसंबू नये.

उरला प्रश्न कापलेल्या पाल्याचा. तो जाळू नये आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकू नये, विशेषतः इंदूरकरांनी तर नाहीच. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पतिउद्योग संस्थेत काम करताना खताची जी पद्धत बसविली ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तिची माहिती देणारे १९३१ चे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले, ही आपणा मराठी मंडळींना अभिमानाची बाब आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर करायचा, आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत हाती येते. ऑगस्टच्या छाटणीचा पाला दिवाळीनंतर त्याच कुंपणाच्या मुळाशी परत घालता येतो. शेर, थोर आणि कण्हेर यांचा पाला तेवढा वेगळा ठेवावा.

येत्या पावसाळ्यात कोणी नवे कुंपण लावणार असेल तर त्याने रोपांबरोबरच एक चांगले सिकेटरही विकत आणावे. ऑगस्टचा मध्य आला की रोपे हातभर होऊन डुलत असतील, ती कापायला हात धजणार नाही. त्या दिवशी घरातील कोणाचे ऐकू नये, स्वतःच्या मनाचेही नाही. जमिनीपासून सहा इंच मोजावे आणि कापावे. तीन आठवड्यांनी प्रत्येक खुंटावर दोन-चार हिरवे ठिपके दिसू लागले की पुढील छाटणीला हात आपोआप सरावतो.